सुक्क्या मटणात बिअर : अळणी काढून झाल्यावरच घाला

कृष्णाकाठचा (सांगली) :

नमस्कार मंडळी.

बिअर घालून केलेले पदार्थ शोधायला गेलं की पाव, चीजचा सॉस आणि गोमांसाचा स्ट्यू एवढंच समोर येतं. आपल्या कांदा-लसूण मसाल्याचं आणि बिअरचं जमतं का, जमलं तर कुठल्या टप्प्यावर, हे कुणी नीट लिहिलेलं मला सापडलं नाही. म्हणून हा धागा काढतोय. माझं मत आधीच सांगतो : सांगली-साताऱ्याकडच्या मटणाच्या पद्धतीत बिअरसाठी एक हक्काची जागा आहे. अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी, काढून झाल्यावर आणि शिजलेलं मटण वाटणात पडायच्या आधी. त्याआधी घातली तर पोरांच्या वाटीत जाते, त्यानंतर घातली तर कच्ची लागते.

आपल्याकडे मटण हळद, आलं-लसूण आणि थोडं मीठ लावून आधी नुसतं शिजवतात. त्याचं अळणी वाटीत काढून पोरांना आणि म्हाताऱ्या माणसांना देतात. मग उरलेल्याचं सुकं आणि रस्सा. म्हणजे कुणाच्या ताटात काय जाणार याची वाटणी आपल्या पद्धतीत आधीपासूनच आहे. बिअर घालायची तर फक्त सुक्क्यात घाला, रश्शाला हात लावू नका.

प्रमाण : एक किलो बोकडाच्या मटणाला एक पाइंट, म्हणजे ३३० मिली माइल्ड बिअर. वाटण नेहमीचंच. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस, आलं-लसूण, कोथिंबीर. फक्त कांदा जरा जास्त घ्या आणि गडद होईपर्यंत भाजा, कारण पुढे येणाऱ्या कडवटपणाला तोच तोलून धरतो.

वाटण तेलात परतत असताना कडेनं तेल सुटायला लागतं आणि तळाला तांबूस खरपुडी धरते. नेमकी तेव्हा अर्धी बिअर ओता. फेस एकदम काठापर्यंत येतो, म्हणून पातेलं मोठं घ्या आणि गॅस बारीक ठेवा. उलथन्यानं तळ खरवडला की खरपुडी सगळी सुटते, वाटणाचा रंग एका झटक्यात गडद होतो. पहिली काही मिनिटं नाकाला झोंबणारा वास येतो. तो मावळून भाजक्या धान्याचा वास यायला लागला की उरलेली बिअर घाला, मग कांदा-लसूण मसाला. मसाला आधी घातला तर करपतो. झाकण न ठेवता, बारीक आचेवर, पुन्हा तेल सुटेपर्यंत आटवा. मग मटण घाला आणि अळणीतलं थोडं पाणी शिंपडत अजून वीस-पंचवीस मिनिटं परतत राहा.

बिअरमधला कडूपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा. तो वाफेबरोबर जात नाही. पाणी आटतं तसा तो उलट दाट होतो. प्यायला छान लागणारी आयपीए (भरपूर हॉप्स घातलेली बिअर) मटणात घातली की जिभेवर कारल्याची चव रेंगाळते, ती याचमुळे. कडूपणा मोजायचं आयबीयू नावाचं एकक आहे. बहुतेक माइल्ड लागर (नेहमीची पिवळी बिअर) २० च्या आत असतात, आयपीए साधारण ४० ते ७०. बाटलीवर आकडा असेल तर बघून घ्या. नसेल तर साधी माइल्ड किंवा गव्हाची बिअर घ्या, ती फसवत नाही.

आणि जेवायला बसणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगा. सगळी दारू उडून जाते असं म्हणतात, पण तसं होत नाही.

*

शाळू_भाकरी (जत) :

लै भारी विषय काढलासा दादा. आमच्याकडं माडग्याळच्या मेंढ्याचं मटण असतंय, चरबाळ. खाताना दोन घासांनंतर तोंडात चरबीचा थर बसतोय. त्याला ही कडवट चव बरी कापंल असं वाटाय लागलंय. पण आमच्या हितल्या बिअरशॉपीत माइल्ड मागितली तर पोरगं तोंडाकडं बघतंय. समदी स्ट्राँगच. ती चालंल का? आन आम्ही मटण चुलीवर करतोय, त्यानं काय फरक पडतोय का?

*

रसायनी (मिरज) :

धागाकर्त्यांचं शेवटचं वाक्य अनेकांच्या नजरेतून निसटेल, म्हणून आकडेच मांडते.

शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि पाणी १०० ला, म्हणून पाणी उकळायच्या आधीच अल्कोहोल संपलं असेल असा लोकांचा समज असतो. पण दोन्ही एकदा मिसळली की वेगळी होऊन उकळत नाहीत, वाफेत दोन्ही जातात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा यावर एक तक्ता आहे. पदार्थात मिसळून मंद शिजवलं तर १५ मिनिटांनी ४० टक्के अल्कोहोल शिल्लक राहतं, अर्ध्या तासानं ३५, एका तासानं २५, दोन तासांनी १० आणि अडीच तासांनीही ५ टक्के.

आता वरच्या कृतीचा हिशोब करू. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये शुद्ध अल्कोहोल साडेसोळा मिली. अर्धा तास शिजवल्यावर अख्ख्या पातेल्यात सहा मिलीच्या आत. सहा जण जेवले तर माणशी साधारण एक मिली. मोठ्या धडधाकट माणसाला हे काहीच नाही, पण शून्यही नाही. हेच ८ टक्क्यांच्या स्ट्राँगची ६५० मिलीची अख्खी बाटली ओतली तर सुरुवातच ५२ मिलीपासून होते आणि अर्ध्या तासानंतर १८ मिली उरतं, म्हणजे माणशी तीन. तेव्हा शाळू_भाकरी, स्ट्राँग घेणार असाल तर एक किलोला दोनशे मिलीच्या वर जाऊ नका आणि जास्त वेळ आटवा.

भांड्याचं तोंड रुंद असेल तर जास्त उडतं, अरुंद असेल तर कमी. चुलीपेक्षा याचा फरक मोठा.

*

कृष्णाकाठचा :

रसायनीताई, मनापासून आभार. हे गणित मूळ धाग्यातच असायला हवं इतकं मोलाचं आहे.

शाळू_भाकरी, चूल असेल तर उत्तमच. फक्त बिअर ओतताना लाकडं थोडी मागं ओढा. फेस वर येतो तेव्हा जाळ मोठा असेल तर अर्धं वाटण चुलीत जाईल. आणि पहिला प्रयोग करताना एक छोटी गोष्ट करा : चमचाभर वाटण बाजूला काढून चाखा. कडू वाटलं तर सुपारीएवढा गूळ टाका आणि मीठ नीट बघा. मीठ कमी असलं की कडूपणा डोकं वर काढतो.

*

वाईची_लेक :

वाचनखूण साठवली. दोन शंका आहेत. माझ्याकडे सगळं कुकरला होतं, नोकरी करून दोन टप्प्यांचं मटण रविवारीसुद्धा जमत नाही. बिअर थेट कुकरमध्ये घातली तर? दुसरं, सासूबाईंचं मोठं जर्मनचं (अॅल्युमिनियमचं) पातेलं आहे, त्यात आटवलं तर चालेल का?

*

रसायनी :

कुकरमध्ये थेट नको, ताई. बंद भांड्यातून वाफ निघते ती फक्त शिटीपुरती, त्यामुळे बरंचसं अल्कोहोल आतच कोंडून राहतं आणि झाकण उघडल्यावर कच्चा वास येतो. कुकरला मटण शिजू द्या, तेवढ्यात शेजारच्या शेगडीवर उघड्या कढईत वाटण आणि बिअर आटवून घ्या. वेळ तेवढाच लागेल.

जर्मनमध्ये नको. बिअर आंबट असते, पीएच साधारण ४ ते साडेचार. त्यात टोमॅटो असेल तर आणखी. अॅल्युमिनियम आंबटाला थोडं उतरतं आणि चव धातूची लागते. स्टील, बिडाची चांगली मुरलेली कढई किंवा नीट कल्हई असलेलं पितळ घ्या. कल्हई उडालेलं पितळ तर आंबट पदार्थाला कधीच वापरू नका, बिअर असो वा कढी.

*

आजीचा_पाटा (कराड) :

विरोधी मत मांडते, राग मानू नये.

आमचे वडील माळकरी. घरात मटण होतं ते मागच्या परसात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात, आणि ते भांडं आत येत नाही. बिअर त्या परसातसुद्धा येणार नाही. हा नियम मला जाच वाटत नाही. माझं घर त्या नियमावर उभं आहे आणि मी तो आनंदानं पाळते. तुम्ही तुमच्या घरी काय शिजवता यात मी पडणार नाही. पण एका लग्नाच्या आदल्या रात्रीच्या जेवणात आचाऱ्यानं कुणाला न सांगता मटणात बिअर ओतली होती आणि ते दुसऱ्या दिवशी कळलं. ज्यांनी आयुष्यभर थेंब घेतला नव्हता अशी माणसं त्या पंगतीला होती. माझे मामा त्यांपैकी एक. ते कुणाला काही बोलले नाहीत, पण पुढं कितीतरी दिवस लग्नाच्या जेवणाला गेले नाहीत. म्हणून सांगण्याचा मुद्दा तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलात, तो सगळ्यात वर हवा होता.

*

कृष्णाकाठचा :

ताई, राग कसला. तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पंगतीत तर बिअर अजिबात नको, कारण तिथं प्रत्येकाला विचारणं शक्यच नसतं. घरी चार-सहा माणसं असतात, तिथं विचारता येतं, आणि एकानंही नको म्हटलं तर त्याचं सुकं वेगळ्या कढईत होऊ शकतं.

ज्यांना बिअर नकोच पण तो भाजक्या धान्याचा खमंगपणा हवा, त्यांच्यासाठी एक तोड आहे. दोन-तीन चमचे सातू, म्हणजे जव, कोरडेच गडद होईपर्यंत भाजा. जाडसर कुटून दीड कप पाण्यात उकळा आणि गाळून घ्या. त्यात गुळाचा छोटा खडा आणि भाजलेले पाच-सहा मेथीदाणे. बिअरच्या जागी हे पाणी वाटणात आटवा. हॉप्सचा वास त्यात येणार नाही, पण रंग आणि खमंगपणा येतो. माझ्या आईला हे सुकं बिअरच्यापेक्षा जास्त आवडतं.

*

नाव_नको :

मी इथे फक्त वाचते, पण आज लिहावंसं वाटलं. माझ्या मिस्टरांनी दारू सोडलीय. उपचार चालू आहेत, गोळी रोज मी माझ्या हातानं देते. त्यांना मटण खूप आवडतं आणि मी काही नवीन करावं असं त्यांना वाटतं. सातूचं पाणी मी नक्की करून बघेन. पण बाजारात ती बिनदारूची बिअर मिळते, शून्य टक्क्यांची, ती घातलेली चालते का?

*

रसायनी :

ताई, ती गोळी डायसल्फिरमची (दारू सोडवायला देतात त्या औषधाची) असेल तर अन्नातलं थोडंसं अल्कोहोलसुद्धा त्रास देऊ शकतं. चेहरा लाल होणं, उलट्या, छातीत धडधड, आणि काही वेळा त्याहून गंभीर. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम काही दिवस टिकतो, दोन आठवड्यांपर्यंतही. म्हणून बिअर घातलेलं, कितीही आटवलेलं असलं, तरी त्यांच्या ताटात येऊ देऊ नका. खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं, तेही डॉक्टरांना विचारूनच.

बिनदारूच्या बिअरबद्दल : काही प्रकारांत अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. आणि शून्य असली तरी वास आणि चव अगदी तीच. सोडलेल्या माणसाला त्या वासानंच ओढ लागू शकते. मी तरी घरात आणणार नाही.

*

कृष्णाकाठचा :

नाव_नको ताई, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. सातूचं पाणीच करा. त्यात थोडं सुकं खोबरं जास्त भाजून घाला, रंग सुंदर येतो. तुम्हा दोघांना मनापासून शुभेच्छा.

*

पांढरा_कांदा (सातारा) :

मी शाकाहारी, पण बिअर घेतो. पाऊस सुरू झाला की आमच्याकडे भजी ठरलेली. बिअर घालून कांदाभजी कुरकुरीत होतात असं ऐकतो, त्यात तथ्य आहे का?

*

कृष्णाकाठचा :

भजी कुठली यावर आहे. खेकडा भजीत तसंही पाणी घालायचं नसतं. कांद्याला मीठ चोळून जे सुटतं त्यातच पीठ भिजवायचं. तिथे बिअर घातली की पीठ सैल होतं आणि भज्यांचे पाय मोडतात. तिथे नकोच.

जिथे पीठ पातळ भिजवतो तिथे मात्र बिअर कामाची. बटाट्याच्या चकत्या, ओव्याची पानं, घोसाळी, मिरची. तीन भाग बेसन, एक भाग तांदळाचं पीठ, हळद, तिखट, मीठ, ओवा. सगळं कोरडं मिसळून ठेवा. तेल तापलं की अगदी गार बिअर ओतून भराभर कालवा आणि लगेच तळायला घ्या. गार बिअरमध्ये वायू जास्त टिकून राहतो, गरम तेलात तो एकदम सुटतो आणि आवरणात बारीक पोकळ्या पडतात. पीठ कालवून ठेवलं की वायू निघून जातो, मग साधं पाणी काय वाईट? खायचा सोडा घालू नका, बिअर आणि सोडा दोन्ही झालं तर भजी तेल पितात.

*

रसायनी :

एक भर. इंग्लंडमध्ये माशाला बिअरचं आवरण लावतात ते मैद्याचं. तिथे अल्कोहोलचं आणखी एक काम असतं : मैद्यातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन चिवट होऊ देत नाही. बेसनात आणि तांदळात ग्लुटेनच नाही, म्हणून आपल्या भज्यांत तो फायदा मिळत नाही. मिळतो तो वायूचा आणि थोडा रंगाचा, कारण माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या जवातली) साखर आणि प्रथिनं तळताना लवकर तांबूस होतात. नुसता कुरकुरीतपणाच हवा असेल तर बाटलीतलं गार सोडा वॉटर जवळपास तेच काम करतं. पोरांची भजी त्यात करा.

*

पांढरा_कांदा :

सोडा वॉटर! हे तर आमच्या चौकातल्या टपरीवर मिळतं. धन्यवाद ताई.

*

मिरजेचा_तंबोरा (सध्या गेंट, बेल्जियम) :

गाव मिरज, पोटासाठी बेल्जियममध्ये. इथल्या लोकांचा बिअरवर जितका जीव आहे तितकाच तिच्यातल्या रटरट शिजवलेल्या मांसावर आहे. त्या पदार्थाला कार्बोनाड म्हणतात. भरपूर कांदा तांबूस होईपर्यंत परततात, मांसाचे तुकडे घालतात आणि गडद, गोडसर बिअरमध्ये दोन-तीन तास मंद शिजवतात. वरून पावाच्या तुकड्याला मोहरीची पेस्ट फासून तो उपडा ठेवतात. पाव विरघळून रस्सा दाट होतो. शेवटी थोडी तांबडी साखर किंवा सिरप घालतातच, नाहीतर कडू लागतं. खायला बटाट्याचे जाड फ्राइज.

मी इथे ते बोकडाच्या मटणाचं करतो आणि साखरेऐवजी गावाकडून आणलेले बेदाणे वाटून घालतो. किलोला मूठभर, गरम पाण्यात भिजवून. तासगावच्या बेदाण्याला मागे किंचित आंबटपणा असतो, तो गुळापेक्षा इथे जास्त शोभतो. कांदा-लसूण मसाला मात्र हात आखडून घालावा लागतो, फार तिखट झालं की बिअर हरवते.

बिअरनं मांस मऊ होतं असं इथेही लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. तास-दोन तास मंद शिजवलं की कुठल्याही पाण्यात ते मऊ होतं.

*

कृष्णाकाठचा :

तंबोरा साहेब, बेदाण्याची कल्पना फार आवडली! मार्केट यार्डात चांगल्या बेदाण्याला इथे तोटा नाही आणि मला हे सुचलं नव्हतं. मऊपणाबद्दल सहमत. मांस मऊ होतं ते त्यातल्या कोलॅजन या चिवट प्रथिनाचं मंद आचेवर जिलेटिन होतं म्हणून. बिअरमध्ये रात्रभर मुरत ठेवलं तरी तिचा आंबटपणा फार आतपर्यंत जात नाही, मुरतं ते मीठ.

*

रसायनी :

मुरवण्याचा एक वेगळा फायदा मात्र नोंदलेला आहे. कोळशावर मांस भाजताना चरबी निखाऱ्यावर पडून धूर होतो आणि त्यातून घातक हायड्रोकार्बन्स मांसावर बसतात. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये डुकराचं मांस चार तास बिअरमध्ये मुरवून कोळशावर भाजलं. काळ्या बिअरनं या द्रव्यांचं प्रमाण ५३ टक्क्यांनी घटलं, बिनदारूच्या पिल्सनरनं (फिकट लागर) २५ आणि साध्या पिल्सनरनं १३ टक्क्यांनी. शेतावर कोंबडी भाजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पण मुरवलेली बिअर नंतर फेकून द्या, कच्च्या मांसाची आहे.

*

आंबोळी (कोरेगाव) :

बिअरमध्ये यीस्ट असतं ना? मग इडलीच्या किंवा आंबोळीच्या पिठात थोडी घातली तर थंडीत पीठ लवकर फुगेल का?

*

रसायनी :

उलट होईल. दुकानात मिळणारी बाटलीतली बिअर बहुधा गाळून पाश्चराइज केलेली असते, तिच्यात जिवंत यीस्ट नसतं. शिवाय इडलीचं पीठ फुगवतात ते मुख्यतः लॅक्टिक आम्लाचे जिवाणू, आणि हॉप्समधली कडू आम्लं नेमकी त्याच जातीच्या जिवाणूंना अटकाव करतात. बिअर नासू नये म्हणून हॉप्स घालायची चाल पडली ती या गुणामुळेच. तुम्ही पिठाचं भांडं रात्री गरम पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवा.

बिअरचा पाव फुगतो तोही बिअरमधल्या यीस्टनं नव्हे, पिठातल्या बेकिंग पावडरनं.

*

शाळू_भाकरी :

दादा, रविवारी केलं. मेंढ्याचं दीड किलो, स्ट्राँग तीनशे मिली, बाकी समदं तुमच्या सांगण्यापरमानं. लाकडं मागं ओढली होती तरी फेस काठापर्यंत आला. आधी चार माणसांना विचारलं, एक जण नको म्हणाला, त्याला रस्सा-भाकरी दिली. पोरांना अळणी. सुकं एकदम गडद, शाळूच्या भाकरीसंगट नादखुळा लागलं. चरबीचा थर तोंडात बसला न्हाई. पर शेवटच्या घासाला जिभंच्या मागं जरा कडू लागलं. गूळ घातला व्हता, तरीबी. आन आदल्या दिवशीची उघडी बाटली अर्धी उरली व्हती, तीच वापरली, त्यानं झालं का?

*

कृष्णाकाठचा :

वा! वाचून फार आनंद झाला.

उघडी बाटली कारण नाही. गॅस गेलेली बिअर आटवायला चालते, उलट फेस कमी येतो. भज्यांना मात्र ताजीच हवी. बाटली हिरवी होती का, आणि उन्हात किंवा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बरेच दिवस उभी होती का, ते आठवून बघा. प्रकाशानं हॉप्समधली द्रव्यं बिघडतात आणि उग्र वास येतो. तपकिरी काच त्याला बरीच अडवते, हिरवी आणि पांढरी अडवत नाही.

पण तुमच्या बाबतीत कडूपणा मला मसाल्याचा वाटतो. जाळ मोठा असताना कांदा-लसूण मसाला तळाला लागला असेल. पुढच्या वेळी दुसरी अर्धी बिअर आधी ओता, ती उकळायला लागली की मग मसाला, आणि गुळाच्या जागी तंबोरा साहेबांचे बेदाणे. दीड किलोला दीड मूठ. बेदाणे वाटणाबरोबर परतू नका, करपतात. मटण घातल्यावर घाला.